डोंगरावरची बिनतारी

डोंगर चढण्याचीं कारणें पुष्कळ असतात. कोणी देवदर्शनासाठीं चढतो, कोणी जुना किल्ला पाहण्यासाठीं, तर कोणी डॉक्टरांनीं चालावयास सांगितलें म्हणून. या सर्वांहून निराळें कारण असलेला एक मनुष्य सह्याद्रीच्या वाटांवर अधूनमधून दिसतो. त्याच्या पाठीवरच्या पिशवींत भाकरी व पाणी असतेंच; पण त्याशिवाय पुस्तकाएवढें एक यंत्र, एक बॅटरी, दहा-वीस मीटर तांब्याची तार, घडी घालतां येणारा एक लांब दांडा, एक वही आणि एक पेन्सिल एवढा संसार असतो. माथ्यावर पोहोंचल्यावर तो देखावा पाहत बसत नाहीं. तो तार ताणतो, यंत्र जोडतो, बराच वेळ नुसता ऐकत राहतो आणि मग बोलूं लागतो. ज्याच्याशीं तो बोलतो तो मनुष्य शंभर किलोमीटरांवर असेल, कदाचित् समुद्रापलीकडेही असेल, आणि बहुधा दोघांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नसेल. अशा माणसाला हौशी बिनतारीवाला म्हणतात. त्याच्या छंदाला डोंगराची गरज कां पडते, आणि डोंगर त्याला काय शिकवतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

त्यासाठीं मनानें पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जावें. आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता घाट चढून ज्या पठारावर येतो, त्या पठारावर जुन्नर तालुक्यांतील आणें हें गांव वसलें आहे. पठार कोरडें, पाण्याची ओढ येथील लोकांच्या पांचवीलाच पुजलेली. आसपासच्या मुलुखांत आण्याचें नांव निघतें तें श्रीरंगदासस्वामींच्या यात्रेमुळें, आणि त्या यात्रेंतील आमटी-भाकरीच्या प्रसादामुळें. पण पठाराच्या पश्चिम धारेवर उभें राहिलें म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. खालीं कुकडीचें हिरवें खोरें पसरलेलें असतें, आणि हवा स्वच्छ असली तर त्यापलीकडे सह्याद्रीची निळी रांग नजरेस पडते. खालच्या गांवांत उभ्या असलेल्या माणसाला पुढचें झाड आणि शेजाऱ्याचें छप्पर दिसतें. धारेवर उभ्या असलेल्याला अर्धा तालुका दिसतो. बिनतारीवाल्याला डोंगर हवा असतो तो नेमका याचसाठीं. त्याच्या लहरींनाही डोळ्यांप्रमाणेंच मोकळी वाट लागते.

हें गणित कठीण नाहीं. सपाट माळावर उभ्या राहिलेल्या माणसाचें क्षितिज पांच किलोमीटरांच्या आंतच संपतें. तोच मनुष्य सभोंवतालच्या जमिनीपासून १०० मीटर उंच चढला कीं क्षितिज सुमारें ३६ किलोमीटरांवर जातें, आणि ४०० मीटर चढला कीं सुमारें ७१ किलोमीटरांवर. म्हणजे उंची चौपट झाली तर नजरेचा टप्पा दुप्पट होतो. हातांत धरण्याच्या लहान यंत्रांतून निघणाऱ्या दोन मीटर लांबीच्या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात. वातावरणामुळें त्या किंचित् वांकतात, म्हणून त्यांचा टप्पा नजरेच्या टप्प्याहून थोडा अधिकच असतो. अशा ४०० मीटर उंचीच्या दोन डोंगरांवर दोन माणसें बसलीं, आणि मध्यें तिसरा डोंगर आडवा आला नाहीं, तर दीडशें किलोमीटरांच्या अंतरावरून तीं सुखानें बोलूं शकतात. यास लागणारी शक्ति किती म्हणाल, तर पांच वॅट! घरांत रात्रभर तेवत ठेवलेल्या लहान दिव्याला लागते तेवढीच. जें काम खोऱ्यांत शंभर वॅटांनीं होत नाहीं, तें माथ्यावर पांच वॅटांत होतें. बाकीची शक्ति चढणाऱ्याच्या पायांनीं पुरविलेली असते.

डोंगरमाथ्यावरून निरोप पाठविण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. १६६० सालीं पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोंचले, तेव्हां गडावरून तोफांचे बार झाले व ते खिंडींत लढणाऱ्या बाजीप्रभूंच्या कानीं पडले, असें परंपरा सांगते. १६७० सालीं सिंहगड सर झाल्याची खूण गडावर जाळ करून राजगडाला देण्यांत आली, अशीही कथा घरोघर माहीत आहे. दोन्हीं कथांतील मर्म एकच : उंच जागा, ठरलेली खूण, आणि पलीकडे ती खूण ऐकण्यासाठीं जागा राहिलेला कोणी तरी. तोफेच्या जागीं तार आली आणि जाळाच्या जागीं विद्युल्लहर आली, एवढाच काय तो फरक.

दोन मीटरांच्या लहरी क्षितिजाशीं थांबतात हें खरें. परंतु दहा, वीस, चाळीस मीटरांच्या लहरींची चाल निराळी आहे. पृथ्वीपासून शेंकडों किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांमुळें विद्युत्-भारित कणांचें एक छत तयार झालेलें असतें. या लघुलहरी त्या छताला लागून परत जमिनीकडे वळतात आणि हजारों किलोमीटरांवर उतरतात. ही वाट जगाला उघडून दाखविण्यांत हौशी लोकांचा वांटा मोठा आहे. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें हौशी मंडळींना २०० मीटरांहून अधिक लांबीच्या लहरी वापरण्यास बंदी केली. त्याहून आंखूड लहरी दूरच्या कामास निरुपयोगी समजल्या जात, म्हणून त्या त्यांच्या पदरांत टाकण्यांत आल्या. पुढें डिसेंबर १९२१ मध्यें पॉल गॉडली यांनीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून अमेरिकेंतील कनेटिकटहून आलेला हौशी केंद्राचा संदेश टिपला. आणि १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील लेऑं देलुआ यांनीं सुमारें ११० मीटरांच्या लहरीवर अमेरिकेंतील हौशी लोकांशीं दुतर्फा संभाषण केलें. ओसाड म्हणून आंदण दिलेल्या जमिनींतून सोनें निघावें तसें झालें. थोड्याच वर्षांत, १९२७ मध्यें, हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें लघुलहरींची तारसेवा सुरू झाली, आणि तिचें प्रक्षेपण-केंद्र पुण्याजवळ खडकीस, तर ग्रहण-केंद्र दौंडास होतें.

आपल्याकडे हा छंद करावयाचा तर केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाला कीं माणसाला एक खूणनांव मिळतें. तें बहुधा व्ही-यू-२ किंवा व्ही-यू-३ या अक्षर-अंकांनीं सुरू होतें आणि जगांत दुसऱ्या कोणाचेंही तें नसतें. या लहरींवर व्यापाराचे निरोप, राजकीय प्रचार व गाणींबजावणीं यांना मज्जाव आहे. १९४८ सालीं महू येथील लष्करी सिग्नल शाळेंत हौशी मंडळींचा अखिल भारतीय क्लब स्थापन झाला. त्याचीच पुढें अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली.

या छंदाला गिर्यारोहणाची जोड देणारा एक खेळही आतां रूढ झाला आहे. २ मार्च २००२ रोजीं ब्रिटनमध्यें ‘समिट्स ऑन दि एअर’ या नांवानें तो सुरू झाला व पुढें अनेक देशांत पसरला. नियम साधे आहेत. शिखर आजूबाजूच्या भूमीपासून सर्वसाधारणपणें निदान १५० मीटर उठून दिसणारें असावें. अखेरची चढण मोटारीनें करूं नये. यंत्र बॅटरीवर वा सूर्यशक्तीवर चालावें, तेलाच्या इंजिनावर नव्हे. आणि गुण हवे असतील तर माथ्यावरून निदान चार निरनिराळ्या केंद्रांशीं बोलणें व्हावें. जेथें मोटारीचा रस्ताच वर चढतो त्या आण्याच्या पठाराची धार या खेळाच्या वहींत शिखर म्हणून बसणें कठीण आहे. पण खेळाचे गुण वेगळे आणि उंचीचा लाभ वेगळा. शिवाय अशा धारेवर तार बांधूं लागलें म्हणजे जो प्रश्न हटकून विचारला जातो तो कोणत्याही गुणापेक्षां मोलाचा असतो. शेळ्या राखणारा एखादा म्हातारा काठी टेकून उभा राहतो.

“पाव्हणं, तार कशापायी बांधताय? कापडं वाळाया घालायची हायती व्हय?”

“नाही बाबा, मुंबईच्या एका मित्राशी बोलायचं आहे.”

“मंग फोन करा की.”

“फोनचा मनोरा बंद पडला तर, बाबा?”

म्हातारा क्षणभर दूरच्या मनोऱ्याकडे पाहतो. “त्ये बी खरं हाय,” तो म्हणतो, “वादळात पडतोच की त्यो बंद.”

या चार वाक्यांत सर्व विषय आला. फोनमधून बोलणें होतें तें मनोरा, त्याची वीज आणि जमिनीखालून गेलेली दोरी या तिन्हींच्या आधारावर. एक कडी तुटली कीं हातांतला फोन मुका होतो. बिनतारीवाल्याला दोन यंत्रें, दोन बॅटऱ्या आणि दोन तारा एवढेंच पुरतें. मध्यें कोणाचेंही साहाय्य लागत नाहीं. डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद व त्यांचे सहकारी जगांतील हौशी केंद्रांशीं बोलण्याच्या हौसेनें अंदमानांत पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला भूकंप झाला, समुद्र चढला आणि बेटांचे नेहमींचे संदेशमार्ग तुटले. तेव्हां जें यंत्र खेळासाठीं नेलें होतें, त्याच यंत्रावरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊं लागले. तार कशी ताणावी, गोंगाटांतून अस्पष्ट शब्द कसा उचलावा, निरोप थोडक्यांत व अचूक कसा द्यावा, हें त्या मंडळींना संकटाच्या दिवशीं शिकावें लागलें नाहीं. तें तीं हौसेच्या दिवसांत शिकून बसलीं होतीं.

आतां डोंगराची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. जुन्नरला लागूनच दक्षिणेस आंबेगांव तालुका आहे. त्याच्या पश्चिम भागांत, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडे, डोंगरांच्या कुशींत माळीण नांवाचें गांव होतें. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं, मुसळधार पावसांत, डोंगराचा उतार सुटला आणि तें गांव त्याखालीं गाडलें गेलें. दीडशेंवर माणसें दगावलीं. या घटनेंतील एक गोष्ट विसरतां येत नाहीं. बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली ती त्या मार्गानें आलेल्या एस. टी. बसच्या चालकामुळें. तो नेहमींप्रमाणें गाडी घेऊन आला, आणि जेथें गांव असावयाचें तेथें त्याला गांव दिसलें नाहीं.

बिनतारीनें दरड थांबत नाहीं, आणि मातीखालीं गेलेला मनुष्य बोलूं शकत नाहीं. म्हणून यंत्र असतें तर अमुक झालें असतें, असें म्हणणें उतावीळपणाचें होईल. परंतु एक धडा स्पष्ट आहे. जो डोंगर माथ्यावरच्या माणसाला शंभर किलोमीटरांची वाट मोकळी करून देतो, तोच डोंगर पायथ्याच्या माणसाचा आवाज अडवितो. माथ्यावर तो खिडकी आहे. पायथ्याशीं भिंत आहे. सह्याद्रीच्या घळींत वसलेल्या अनेक वाड्यांवर पावसाळ्यांत हीच भिंत उभी असते. तेव्हां खोऱ्यांतून बातमी बाहेर नेण्याचा उपाय एकच : कोणी तरी वर चढावें, किंवा वर कोणी तरी आधींपासून ऐकत बसलेला असावा. डोंगरावर जाऊन बोलण्याचा सराव करणारीं पांच-दहा माणसें प्रत्येक तालुक्यांत असणें म्हणूनच केवळ करमणुकीची बाब नाहीं.

पण याच भिंतीचें एक वरदानही आहे, आणि तें पाहण्यास पुन्हां आण्याच्या धारेवर यावें लागतें. तेथून कांहीं कोसांवर, नारायणगांवजवळ, खोडद येथें प्रचंड रेडिओ-दुर्बीण उभी आहे. तिची कल्पना व उभारणी डॉ. गोविंद स्वरूप यांची. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत दाटीनें, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, सुमारें २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यांत. भरीव पत्र्याऐवजीं बारीक तारांची जाळी ताणून या तबकड्या बनविल्या आहेत, त्यामुळें त्या हलक्या व स्वस्त झाल्या. ही जागा निवडण्याचें एक महत्त्वाचें कारण असें कीं, येथें माणसानें निर्माण केलेला रेडिओ-गोंगाट कमी होता आणि भोंवतालच्या डोंगरांचा आडोसा होता. माळीणला जी भिंत घातक, तीच खोडदला उपकारक. ही दुर्बीण कांहींच बोलत नाहीं. ती केवळ ऐकते.

ती काय ऐकते? २०२३ च्या आरंभीं शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें कीं, या दुर्बिणीनें एका अतिदूरच्या दीर्घिकेंतील हायड्रोजन वायूचा संदेश टिपला आहे. तो तेथून निघाला तेव्हांपासून सुमारें ८८० कोटि वर्षें लोटलीं. वाटेंत दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें तो भिंगासारखा मोठा केला, म्हणून तो येथें ऐकूं आला. असा संदेश किती क्षीण असेल याची कल्पना एका उदाहरणानें येते. चंद्रावर ठेवलेला साधा मोबाइल फोनही रेडिओ-दुर्बिणीला आकाशांतील अत्यंत प्रखर उगमांपैकीं एक वाटेल. मग कांहीं कोसांवरच्या उघड्या धारेवरून सोडलेले पांच वॅट तिच्या कानांत काय करतील? वीणेचा झणत्कार ऐकण्यास कान लावून बसलेल्या माणसाजवळ कोणी ढोल बडवावा, तसेंच तें होईल. पुणें-नाशिक रेल्वेच्या नियोजित मार्गाचा विचारही या दुर्बिणीला बाधा होऊं नये म्हणून नव्यानें करावा लागला, यावरून हा प्रश्न किती नाजूक आहे तें दिसतें.

तेव्हां आण्याच्या धारेवर तार बांधणाऱ्याची कसोटी लागते. उंचीनें त्याला मोठा आवाज दिला आहे. तो कोठें वापरूं नये हें त्याला कळलें पाहिजे. दुर्बीण ऐकते त्या लहरी सुमारें १२० ते १४५० मेगाहर्ट्झ यांच्या दरम्यानच्या आहेत. हातयंत्रांतील दोन मीटरांच्या लहरी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, नेमक्या त्या टप्प्यांत येतात. उलट ७ किंवा १४ मेगाहर्ट्झच्या लघुलहरी त्याहून पुष्कळ खालीं आहेत. मात्र यंत्र नीट नसलें तर मूळ लहरीबरोबर तिच्या पटींतील लहरीही सुटतात, म्हणून यंत्र शुद्ध असणें हीही जबाबदारीच. ज्याला हें माहीत आहे तो खोडदच्या समोर हातयंत्र उघडत नाहीं. तो पठाराच्या पलीकडच्या अंगाला जातो, दुसरा डोंगर निवडतो, आणि शंका असल्यास दुर्बिणीच्या मंडळींना आधीं विचारतो. परवान्याच्या अटी वाचल्यावांचून तर तो घराबाहेरच पडत नाहीं.

इतरही पथ्यें आहेतच. वैशाखांत वा पावसाच्या तोंडावर ढग गडगडूं लागले कीं तार गुंडाळून तत्काळ खालीं यावें. उघड्या माथ्यावर ताणलेल्या तारेजवळ बसणें हें विजेला आमंत्रण आहे. कड्याला आग्यामोहोळ असेल तेथें दांडा उभारूं नये. देवळाच्या कळसाला किंवा किल्ल्याच्या तटाला दोर बांधूं नये. चढतांना जेवढें नेलें तेवढें सर्व परत आणावें.

परंतु या सर्वांत थोर नियम जगभरच्या हौशी बिनतारीवाल्यांचा पहिला धडा आहे : बोलण्याआधीं ऐकावें. लहर मोकळी आहे कीं नाहीं, तिच्यावर दुसऱ्या कोणाचें बोलणें चाललें आहे काय, कोणी क्षीण आवाजानें साहाय्य तर मागत नाहीं ना, हें कान देऊन पाहावें आणि मगच कळ दाबावी. अंदमानांतील मंडळींना निरोप टिपतां आले ते याच संवयीमुळें. आणि खोडदची दुर्बीण जें करते तें याच नियमाचें परमोच्च रूप आहे.

संध्याकाळीं ऊन उतरूं लागतें तेव्हां धारेवरचा मनुष्य वहींत शेवटच्या संभाषणाची वेळ लिहितो, तार गुंडाळतो, आणि शेळ्या घेऊन परतणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर गांवाकडे चालूं लागतो. खालीं कुकडीच्या खोऱ्यांत दिवे लागतात. त्या दिव्यांमधून कोठें तरी तीस मोठे कान आकाशाकडे उघडे असतात. आणि पश्चिमेच्या घळींतील एखाद्या वाडीवर कोणी तरी पावसाच्या रात्रीं हांक मारील, तर ती ऐकणारा माणूस डोंगरावर असावा, अशी अपेक्षा असते. डोंगर चढून बोलावयास शिकणें सोपें आहे. तेथें बसून ऐकावयास शिकणें, हें खरें चढणें होय.